दस्त्याची बैठक

नंबर मी वाचतो. बोटं दस्तगीरचाचांची.
मोतीबिंदू पिकलाय दोन्ही डोळ्यांत,
ऑपरेशनचं नाव काढलं की म्हणतात,
‘डोळं गेलं म्हणून लोखंड गेलं व्हय रे?’

पापाच्या तिकटीमागं, चपलांच्या चामड्याचा वास
जिन्यानं वर येतो त्या खोलीत
माणगावकर सरकारांनी कार्बाइन आणलीय
जाजमात गुंडाळून, तापलेलं लेकरू आणावं तशी.
पणजोबा संस्थानच्या पागेत होते, तेव्हापासूनची म्हणे.
परवाना खरा. काडतूस मिळायचं कधीच बंद झालं.
पुण्याचा एक शौकीन रक्कम घेऊन बसलाय,
त्याला कागदावर फक्त एक शब्द पाहिजे:
मूळ.

नळीवर चार आकडे, एक अक्षर.
ठोकळ्यावर वेगळेच चार.
निशाणपट्टीवर आणखी तिसरे, त्यातला सात कानशीनं घासलेला.
मी वाचत जातो, चाचा मान डोलवत जातात
रेशनकार्डावरची नावं ऐकावीत तशी.
‘तीन घरची माणसं. एका चुलीवर जेवत्यात.’

सरकार खाकरतात.

मी आयटीआयचा फिटर, उद्यमनगरात एकतीस वर्षं.
फीलरगेज काढतो. लाकूड-लोखंडाच्या सांध्यात
सगळ्यात पातळ पातंसुद्धा शिरत नाही.
चाचा विडीच्या पुड्याचा कागद घालून बघतात,
मग माझ्या गेजवर विश्वास ठेवतात.
आणि काजळ मागतात.

काजळाचा हात लोखंडाला. लोखंड लाकडात.
स्क्रू आवळायचे, सोडायचे,
अलगद उचलून बघायचं डाग कुठं कुठं उतरला.
शिकाऊ माणसाचा बेटाबेटांनी उतरतो.
इथं सगळीकडे सारखा,
पंगतीत वाढपी एकालाही न चुकवता गेलाय.

पण लाकूड अक्रोडाचं नाही.
शिसवी आहे, जवसाच्या तेलानं
काकवीच्या रंगाला आलेली.

चाचा दस्त्याची टाच कोपरात धरतात,
बोट चापाकडं नेतात. चाप आधीच येतो.
‘पाऊण इंच आखूड. सायबाच्या मापाचा न्हाई ह्यो.
बुटक्या गड्याचा. आनि डावरा असणार,
गाल उजव्या अंगाला घासलाय बघ.’

पणजोबा सहा फूट होते, सरकार म्हणतात.
खाली कुणीतरी चामडं ठोकतंय.
मग जाजमाची घडी घालत, आमच्याकडं न बघता,
‘आजोबा डावरे होते.
त्यांचं नाव काढत नाहीत आमच्यात.’

चाचांचं नख तोवर पुढच्या कडेला पोचलंय.
एक भोक. दोन सूत वाकडं पडलेलं,
वेळूच्या खुंटीनं बुजवलेलं,
शेजारी नीट जागेवर दुसरं.
नख तिथंच राहतं. जरा जास्तच वेळ.
‘काय झालं?’
‘काय न्हाई.’
उजवा कान चोळतात.

‘लिही. नळी, जुनी. ठोकळा, दुसऱ्या हत्याराचा.
पट्टी, तिसऱ्याची. दस्ता, मागनं बसवल्याला, हितलाच.’
‘आणि बैठक?’
‘बैठक उत्तम. उत्तमच्या खाली रेघ मार.’

सरकार पाकीट काढतात. एवढा एक शब्द, चाचा.
‘मूळ झाडाला असतंय, सरकार.
ह्ये तोडल्यालं लाकूड.’

जाजम पुन्हा गुंडाळलं गेलं. जिना वाजत खाली गेला.
पाकीट विसरले नाहीत ते,
चष्मा मात्र विसरले. त्यासाठी येतील परत.

‘नऊ वर्साचा हुतो,’ चाचा म्हणाले,
‘गिरमिट तिरकं धरलं. अब्बानं अशी ठेवून दिली...’
पुढं बोलले नाहीत.
चहा सांग म्हणाले. ह्ये वहीत नको म्हणाले.

मी वही मिटली.
कानाच्या पाळीवर अंगठा उमटला होता, काजळाचा,
रेघा मोजता येतील इतका स्वच्छ.
मी सांगितलं नाही त्यांना.